आखूड दस्त्याची रायफल

थाटीपुर, ग्वाल्हेर
८ जून २०२५

ती. दादास,

खुशालीचं नंतर विचारीन, आधी कामाचं.

परवा तुझ्या उत्कर्षचा फोन आला. पोरगा बिचारा मधल्या मध्ये सापडलाय. म्हणाला, "आत्या, पप्पा म्हणतात या वर्षीही डुकरांनी शेंगा खाल्ल्या तर कागदावर सही करून टाक. घाटीगावचं शेत विकू आणि विषय संपवू." मी म्हटलं, ठीक आहे. आणि पीक वाचलं तर? मग मागून तुझा आवाज आला, "वाचलं तर नाही विकणार. सांग तिला." आबांच्या तेराव्यानंतर तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. अजून तसाच आहे, घसा साफ न करता बोलतोस.

तर ठरलं. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हे कागदावर लिहून ठेवतेय. दसऱ्यापर्यंत भुईमुगाच्या शेंगा जमिनीत राहिल्या तर शेत राहील. रानडुकरांनी उकरल्या तर मी सही करीन. निमूट करीन.

आता रायफलीचं. आबांची तीनशे पंधरा बोरची रायफल इंदरगंजला विक्रमसिंहच्या बंदुकांच्या दुकानात जमा आहे. माझ्या नावावर व्हायला तुझी ना-हरकत लागते. ती तू देत नाहीस. तेराव्याला सगळ्या नातलगांसमोर तू काय म्हणालास ते माझ्या कानात अजून आहे. "जिचा खांदा निळा झाला नाही तिच्या हातात ती रायफल जाणार नाही."

परवा शेजारच्या सुधाताईंना आपल्या घरचा हा कायदा सांगत होते. मुलगा सोळा वर्षांचा झाला की दसऱ्याला शस्त्रपूजा झाल्यावर त्याने एकट्याने रायफल घेऊन शेताच्या ओढ्यात उतरायचं, मडकं फोडायचं आणि वर येऊन सदरा काढून खांदा दाखवायचा. धक्क्याने खांदा निळा झाला असेल तर आईने सगळ्यांसमोर त्यावर हळद लावायची. मग तो मर्द. सुधाताई पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, "आणि मुलींचं काय?" मी म्हटलं, मुलींनी मडकं आणून द्यायचं.

तेराव्याला मी गप्प बसले. का बसले ते तुला माहीत आहे. दुसऱ्या कुणालाही माहीत नाही आणि मी सांगणारही नाही, तेव्हा काळजी नसावी.

पण ऐक. माझं स्वतःचं लायसन्स गेल्या आठवड्यात हातात आलं. वनखात्याकडे पीक खाणाऱ्या डुकरांपुरती परवानगीही मागितली आहे. आबांची रायफल तुझ्या हट्टासकट दुकानात गंजू दे. मी माझी विकत घेणार आहे.

आईसाहेब बऱ्या आहेत. ऐकू कमी येतं, पण आपल्याला नको असलेलं बरोबर ऐकतात.

शालू


थाटीपुर
२९ जून २०२५

ती. दादास,

तुझं कुरियर मिळालं. एवढ्या मोठ्या पाकिटात विक्रीचा कागद आणि तुझी एकच ओळ! "मराठ्याच्या घरात चिडीमार बंदूक आणू नकोस." अरे, निदान आईला नमस्कार तरी लिहायचास.

इंदरगंजला जाऊन आले. विक्रमसिंहने चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला आणि समजावायला बसला. त्याला वाटतं निवृत्त मास्तरीण म्हणजे पाटी घेऊन आली असणार. तीस वर्षं मी पोरांना मैदानावर पळवलं आणि कॉलेजात एनसीसीच्या बावीस बोरने नेम मारले, हे त्याला कुठून ठाऊक?

"मैडम, आपके लिए हल्की चीज़ निकालता हूँ," म्हणत त्याने एक काटकुळी बंदूक पुढे केली. मी म्हटलं, भैया, हलकी बंदूक जास्त मारते. वजन असलं की धक्का ती स्वतः खाते, नसलं की मला खायला घालते. तो जरा सावरून बसला.

बावीस बोरचा धक्का जवळजवळ नसतोच, पण त्याने डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर कुणाच्या मांडीत सुळा घालेल याचा नेम नाही. मातादीन रात्रंदिवस शेतावर असतो, त्याला चार लेकरं आहेत. छऱ्यांची दुनाळी घेतली तर लांबवर भरवसा नाही आणि खांद्याची साल निघते. मोठ्या बोरच्या विलायती रायफली काचेच्या कपाटात नुसत्या बघायला बऱ्या. मी माझी मर्यादा ठरवून गेले होते. नव्या तीनशे पंधराच्या किमतीच्या वर एक पैसा नाही. त्या किमतीत सरकारी कारखान्याची नवी तीनशे पंधरा मिळते, म्हणजे आबांच्या रायफलीची धाकटी बहीण.

विक्रमसिंह म्हणाला, "मैडम, ग्वालियर में इज़्ज़त तो तीन सौ पंद्रह की ही है. बाकी सब चिड़ीमार." बघ, चिमण्या मारण्यापुरती म्हणायचा तुझा तो शब्द इथल्या दुकानातही चालतो.

खरं सांगू? तो शब्द मला झोंबला. अक्कल सांगत होती की कमी धक्क्याची काहीतरी शोध. खांद्याचं एक कारण आहे, ते तुला सांगायची गरज नाही. पण आपल्या घरात अकलेला बसायला पाट कुणी दिला? मी म्हटलं, बघतेच तीनशे पंधरा. रेंजवर मानसिंगराव येतात, तुझ्या वर्गातले, नाकात बोलणारे. त्यांची आहे. रविवारी त्यांच्या देखरेखीखाली चालवून बघणार. चालली की घेणार, आणि दसऱ्याला निळ्या खांद्याचा फोटो काढून तुझ्या मोबाइलवर धाडणार. तोही वाचून गप्प बस.

शालू


१३ जुलै २०२५

ती. दादास,

अक्षर बघून हसू नकोस. गाडीत बसून लिहितेय आणि घाटीगावचा रस्ता तुला ठाऊक आहे.

रायफल अजून घेतली नाही. घाई काय आहे? शेंगा आत्ता कुठे पेरल्यात. मातादीनने बांधाला काट्यांचं कुंपण घातलंय. मी जमेल तसं बघते आहे.

मानसिंगराव भेटले. तुझी आठवण काढली. म्हणाले, "जयसिंह का निशाना तो कमाल का था, एक गोली में मटका!" मी म्हटलं, हो, फार कमाल होती.

आईसाहेबांनी तुझ्यासाठी चकल्या केल्या होत्या. पोस्टाने चुरा होईल म्हणून मी खाल्ल्या.

शालू


थाटीपुर
१० ऑगस्ट २०२५

ती. दादास,

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. गाडीत नव्हते, पलंगावर होते आणि उजवा हात गळ्यात बांधला होता. पत्र डाव्या हाताने लिहिलं.

आता सगळं सांगते, कारण यापुढचं त्याशिवाय कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी, आबा गेले त्या आधीच्या महिन्यात, मी छावनीच्या चढावर स्कूटरवरून पडले. उजव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आत धातूची पट्टी आहे, स्क्रू आहेत. तुला कळवलं नाही. तेराव्याला तू मला विचारलंस, "पदर असा का घेतलास?" आणि मी म्हटलं, "थंडी आहे." मे महिना होता, दादा. तुला तेव्हाही काही वाटलं नाही.

डाव्या खांद्यावरून मारावी तर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय. म्हणजे नेम उजव्यानेच. म्हणून मला कमी धक्क्याची रायफल हवी होती, चोचले म्हणून नाही. आणि तरीही तुझ्या एका शब्दाने पेटून मी मानसिंगरावांची तीनशे पंधरा खांद्याला लावली. मीही त्याच घरातली ना!

पहिल्या गोळीला डोळ्यांसमोर काजवे चमकले. मानसिंगराव "शाबाश" म्हणाले. मी दुसरी मारली. कोणी सांगितलं होतं? तिसऱ्या वेळी मी ट्रिगरवर बोट ठेवलं आणि बोट हललंच नाही. डोळे आपोआप मिटले, मान आखडली, गोळी सुटायच्या आधीच अख्खं अंग मागे सरलं. ही मी, जी एनसीसीत मेडलं घेऊन यायची. डॉक्टरांनी फोटो काढला, पट्टी जागेवर आहे म्हणाले, पण भोवती सूज आहे, पुन्हा असं केलंत तर उघडावं लागेल. तीन शिव्या दिल्या, त्यातल्या दोन मला लागू होत्या.

पलंगावर पडल्या पडल्या तू आठवलास. ओढ्यातला.

त्या दसऱ्याला मी तुझ्यामागे मडकं घेऊन आले होते. तू रायफल मांडीवर घेऊन वाळूत बसला होतास आणि तुझे दात वाजत होते. वर आबा, काका, पाहुणे गोळीच्या आवाजाची वाट बघत होते. तू म्हणालास, "शालू, माझ्याने होत नाही." मला तेव्हा तुझी चीड आली होती. चौदा वर्षांची होते, मला वाटलं दादा भित्रा आहे. मी तुझ्या हातातून ती ओढून घेतली, मडकं फोडलं आणि मागच्या मागे वाळूत पडले. वरून आरोळी आली. मग तू रडायला लागलास, कारण खांदा दाखवायचा होता आणि निळा झाला होता माझा. आठवतंय ना? तूच ओढ्यातला गोटा उचललास आणि म्हणालास, मार. मी मारला. चांगला मारला.

तुला हळद लागली. मी पोलक्याच्या बाह्या खाली ओढून आरतीचं ताट धरून उभी राहिले.

हे मी वर काढत नव्हते आणि तुला घाबरवण्यासाठी आत्ताही काढत नाही. पण पलंगावर पडून मला दुसरंच आठवलं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आबांनी तुला सराव म्हणून ती चालवायला लावली होती. तुझा ओठ फाटला होता, टाके पडले होते. तू पंधरा वर्षांचा, हडकुळा. आबा सहा फुटी आणि खांद्याला टेकवायचा तो लाकडी दस्ता त्यांच्या हाताच्या मापाचा. तुझ्या खांद्यावर तो नीट बसतच नव्हता, मान लांब करून गाल टेकवावा लागत होता. मग धक्का तोंडावर येणारच. तू भित्रा नव्हतास, दादा. तुला एकदा लागलं होतं आणि तुझं अंग ते विसरलं नव्हतं. माझंही विसरलं नाही, मी तर त्रेसष्ट वर्षांची आहे.

कुणीतरी तो दस्ता दोन बोटं कापला असता तर तू ते मडकं हसत फोडलं असतंस. पण वाडवडिलांच्या रायफलीला करवत लावायची? त्यापेक्षा पोराचा ओठ फाटलेला बरा! असा आपल्याकडचा हिशेब.

तू लगेच पुढच्या वर्षी पुण्याला शिकायला गेलास आणि परत राहायला आला नाहीस. मला वाटायचं तुला ग्वाल्हेर आवडत नाही.

आता खुशखबर. हात गळ्यातून निघाल्यावर परत इंदरगंजला गेले. विक्रमसिंहला म्हटलं, इज्जत बाजूला ठेवा आणि धक्का कमी असलेलं काय आहे ते सगळं काढा. तो माळ्यावर चढला आणि जुनं गवसणीतलं धूड घेऊन खाली आला. तोंडावर लाज, जणू घरातली फुटकी परात पाहुण्यांना दाखवतोय.

"ये है मैडम, पर आप लेंगी नहीं. दो सौ पचहत्तर बोर, विलायती. नरवर तरफ की एक ठकुरानी साहब की थी. उन्होंने कुंदा कटवा लिया था अपने नाप का. अब कौन मर्द लेगा? सात साल से पड़ी है. लड़के हाथ में लेते हैं, हँसते हैं, कहते हैं जनानी बंदूक, और रख देते हैं."

दस्ता खरंच कापून आखूड केलेला होता. मी उचलली. जड होती, छान जड. खांद्याला लावली आणि दादा, ती बसली. मान लांब करावी लागली नाही, हात ताणावा लागला नाही, गाल आपणहून लाकडावर टेकला. दस्त्याच्या टोकाला जाड लाल रबराची गादी, कडेने थोडी कडक झालेली. नळीचा काळा रंग बोटांच्या जागी उडालाय. त्या ठकुराणीच्या बोटांच्या. माझी बोटं तिथेच पडली.

आणि किंमत? हीच बंदूक अख्ख्या दस्त्याची असती तर माझ्या मर्यादेत तिचा पट्टाही आला नसता. कुणा बाईने कापली म्हणून कुणा बाप्याला नको, म्हणून ती मला परवडली. ग्वाल्हेरच्या मिशांनी माझ्यावर असे उपकार आजवर केले नव्हते.

काडतुसं महाग आहेत आणि शोधावी लागतात, हे खरं. पण मला ती लग्नाच्या वरातीत उडवायची नाहीत.

लायसन्सवर चढवून घेतली. रेंजवर गेले. मानसिंगराव दस्ता बघून गालात हसले. मी म्हटलं, हसा. खांद्याला लावली आणि पुन्हा तेच, बोट हलेना. डोळे मिटले. मी रायफल खाली ठेवली, पाणी प्यायले, परत उचलली. असं तीनदा झालं. मग रिकामी चालवली, नुसता खटका. मग पुन्हा रिकामी. त्या दिवशी एकही गोळी न मारता घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले. गोळी सुटली. वासराने डोकं घासावं इतकाच धक्का लागला, बाकी काही नाही. मी तिथेच खाली बसले आणि हसले. मानसिंगरावांना वाटलं, बाईंना काहीतरी झालं.

तू चिडीमार म्हण, जनानी म्हण. माझी आहे.

शालू


घाटीगाव
१४ सप्टेंबर २०२५

ती. दादास,

शेतावरच आहे. मळ्यातल्या खोलीत खाट टाकली आहे. आईसाहेबांजवळ सुधाताई झोपतात.

उत्कर्षचा फोन आला होता. म्हणाला, "पप्पांनी ऑगस्टचं पत्र दोनदा वाचलं आणि फिरायला निघून गेले." बरं केलंस. पाय मोकळे झाले की डोकंही होतं.

शेंगा भरू लागल्या तशी डुकरं आली. पहिल्या दिवशी पश्चिमेचा तुकडा उकरला, नांगर फिरवल्यासारखा. मातादीन कपाळावर हात मारून बसला. "बाईसाब, अब तीन-चार दिन का खेल है. झुंड देख गया है तो पूरा खेत साफ करके जाएगा." मी पण मनात सही करून टाकली होती, लपवत नाही. कागद पिशवीतच होता, तू पाठवलेला.

वनखात्याचा माणूस येऊन परवानगी आणि बंदूक बघून गेला. तोही दस्ता बघून हसला. मला आता सवय झाली आहे.

महुआच्या झाडावर मातादीनने मचाण बांधलं. दिवस मावळायच्या आत मी वर जाऊन बसायची. पहिले दोन दिवस वारा आमच्याकडून त्यांच्याकडे, ती फिरकलीच नाहीत आणि मातादीन खूश झाला. तिसऱ्या दिवशी उजेड असतानाच नाल्यातून बाहेर आली. आधी एक मादी आणि तिची पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. मातादीन कानाशी पुटपुटला, "मारो बाईसाब." मी मान हलवली. पिल्लांची आई मारायला मी इथे बसले नव्हते. मागून तो आला. मानेवर केसांची आयाळ, एका बाजूचा सुळा तुटका. मातादीनने पाहिलेला, पश्चिमेचा तुकडा उकरणारा तोच.

नेम धरला. आणि दादा, पुन्हा मान आखडायला लागली. पट्टीच्या जागी जुनी कळ उठल्यासारखी वाटली. रेंजवर पुठ्ठा होता, चुकला तर चुकला. इथे चुकले तर शेत गेलं, किंवा जखमी होऊन मातादीनवर धावलं तर त्याहून वाईट. मी मनातल्या मनात म्हटलं, ही ती रायफल नाही. ही माझ्या मापाची आहे. ही मला मारत नाही. असं पोराला समजवावं तसं माझ्या खांद्याला समजावलं. डोळा उघडा राहिला.

गोळी सुटली आणि तो जागेवर बसला, मग आडवा झाला. दुसरी गोळी मारावी लागली नाही. कळप नाल्यात पळाला.

मातादीन खाली उतरून आधी लांबूनच बघत राहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बड़े साब होते तो..." मी म्हटलं, बोल ना. तो म्हणाला, "बड़े साब होते तो कहते, ये किसकी बंदूक है?" मी म्हटलं, बाईसाबची आहे म्हणून सांगायचं.

मेलेल्या जनावराबद्दल लिहिताना मला आनंद होत नाही. तोंडात कडू चव होती आणि मी जेवले नाही. वनखात्याला कळवलं, त्यांनी नेलं. पण त्यानंतर कळप आलेला नाही. आला तर मी आहे.

तुझा कागद अजून पिशवीत आहे. त्यात आता मी बडीशेप बांधते.

शालू


थाटीपुर
३ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

काल दसरा झाला. शेंगा उपटल्या. पश्चिमेचा तुकडा सोडून सगळं पीक आलं, वेलाला मुठी भरून शेंगा आहेत. तू तुझ्या तोंडाने म्हणाला होतास, "वाचलं तर नाही विकणार." उत्कर्ष साक्षीदार आहे. म्हणून तुझा कागद परत पाठवतेय, सही न करता. बडीशेपेचा वास येईल, चालवून घे.

सोबत दुसरा कागद आहे, त्यावर माझी सही आहे. ती ना-हरकत आहे. आबांची तीनशे पंधरा तुझी. मला नको. ये आणि घेऊन जा, नाहीतर विक. पण ठेवलीस तर एक कर. विक्रमसिंहकडून दस्ता तुझ्या हाताच्या मापाचा कापून घे आणि मागे रबर लाव. आबा वरून ओरडतील, ओरडू देत. त्यांना आता काही उत्तर द्यायची गरज राहिली नाही.

काल पूजा इथेच केली, बाहेरच्या खोलीत. पाटावर माझी आखूड दस्त्याची ठेवली, आपट्याची पानं वाहिली, कुंकू लावलं. आईसाहेब खुर्चीत बसून बघत होत्या. पूजा झाल्यावर मला काय वाटलं कुणास ठाऊक. मी हळदीची वाटी उचलून त्यांच्याजवळ गेले आणि पदर खांद्यावरून खाली केला.

म्हटलं, "लावा."

त्यांनी चष्मा पुढे सरकवून नीट बघितलं. "काय गं, दिसत तर काहीच नाहीये. निळा कुठे आहे?"

"नाहीच आहे. ही मारत नाही. लावा तरी."

त्यांनी वाटी मांडीवर घेतली, दोन बोटं हळदीत बुडवली आणि पट्टीच्या व्रणाच्या खाली, दस्ता टेकतो तिथे, हलक्या हाताने फिरवली. बराच वेळ फिरवली. मग म्हणाल्या, "हे त्या वेळचं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, कुठल्या वेळचं?

"ओढ्यातल्या. जयूचा डाग गोल होता. बंदुकीचा दस्ता काय गोल असतो? आणि तू आठ दिवस लांब बाह्यांचं पोलकं सोडत नव्हतीस. मी आई आहे नं, वेडी थोडीच आहे."

मी म्हटलं, मग तेव्हा बोलला का नाहीत?

"कुणासमोर बोलू? यांच्यासमोर? पोराला घराबाहेर काढलं असतं आणि तुला मारलं असतं." मग त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि मोठ्याने म्हणाल्या, ऐकू कमी येतं म्हणून सगळंच मोठ्याने बोलतात, "जयूला लिही. म्हणावं, मी हळद लावली ती त्याचं दुखत होतं म्हणून. मर्द झाला म्हणून नव्हती लावली. सगळी हसत होती, टाळ्या वाजवत होती, आणि माझ्या पोराचा खांदा काळानिळा झालेला. मी तेवढंच बघत होते."

त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. माझ्या मनाचा एक शब्द त्यात नाही.

शेंगा पाठवतेय, ओल्या आहेत, मीठ घालून उकड. पुढच्या वर्षी पेरताना ये. आलास तर माझी रायफल चालवून बघ, तुला ती थोडी आखूडच होईल, पण तोंडावर येणार नाही. नाही आलास तरी शेत इथेच आहे आणि मी त्यात आहे.

तुझी बहीण,
शालू